गोष्टीतील अडचण आणि मुलांचे धैर्य

प्राथमिक शाळेत गोष्टीच्या तासाकडे पुष्कळदा केवळ विरंगुळा म्हणून पाहिले जाते. गोष्ट सांगावयाची, शेवटी तात्पर्य विचारावयाचे आणि पुढील पाठाकडे वळावयाचे, असा परिपाठ दिसतो. त्यामुळे तात्पर्य पाठ होते; परंतु अडचण आली असता विचार कसा करावा, हे मुलास उमगत नाही. वास्तविक गोष्टीतील वाघ मुलाला खात नाही. म्हणूनच त्याच्यासमोर उभे राहून निर्भयपणे विचार करण्याची सवय मुलास लावता येते.

अंबड तालुक्यातील शिक्षकांना हा विषय दूरचा नाही. २०१२-१३ च्या अवर्षणात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाड्यातील उभी पिके झोडपली. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे गाव सोडतात आणि वर्गातील काही जागा रिकाम्या होतात. अशा मुलांना ‘धीर धरा’ एवढा उपदेश पुरत नाही. धीर सांगून येत नाही. आपल्यालाही काही करता येते, या अनुभवातून तो हळूहळू येतो.

हा अनुभव देण्याचा सोपा मार्ग म्हणजे गोष्ट अडचणीपाशी थांबविणे. म्हातारी आणि भोपळा ही सर्वांच्या परिचयाची गोष्ट घ्यावी. लेकीच्या घरी जाताना म्हातारीला रानात वाघ अडवितो. ती आपले कृश शरीर दाखवून परतीपर्यंतची मुदत मागून घेते. येथे तिचे दुबळेपणच तिच्या उपयोगी पडले, ही गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून द्यावी. पुढे ती लेकीच्या घरी पोहोचली की शिक्षकांनी थांबावे आणि विचारावे, “परतीची वाट तीच आहे, वाघही तेथेच आहे. आता म्हातारीने काय करावे?”

कोणी म्हणेल, दुसऱ्या वाटेने जावे. कोणी म्हणेल, बाजारच्या गाड्यांबरोबर निघावे. कोणी म्हणेल, लेकीकडेच राहावे. सर्व उत्तरे फळ्यावर लिहावीत. कोणत्याही उत्तरास हसू देऊ नये. नंतर प्रत्येक उत्तराबाबत दुसरा प्रश्न विचारावा, “यात कोणती अडचण येईल?” पहिल्या प्रश्नाने कल्पना मोकळी होते, दुसऱ्याने ती पारखली जाते. या दोहोंची सांगड म्हणजेच युक्ती होय. शेवटी भोपळ्याचा प्रसंग सांगावा. पण तेच एक बरोबर उत्तर, असे म्हणू नये.

चिमणी आणि कावळा ही गोष्ट सांगताना अधिक काळजी घ्यावी लागते. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, चिमणीचे मेणाचे घर टिकते. कावळा मूर्ख ठरवून गोष्ट संपविली, तर ज्या मुलाचे स्वतःचे घर पावसात गळते, त्याने काय समजावे? त्याऐवजी घर वाहून गेल्यानंतरचा विचार करावयास लावावा. कावळ्याने कोणाकडे मदत मागावी? चिमणीला काय करता आले असते? पुढचे घर कशाचे बांधावे? नुकसानानंतरही गोष्ट पुढे चालू राहते, हे मुलांना येथे कळते. मदत मागणे हा कमीपणा नसून तोही एक उपाय आहे, हेही समजते.

पुस्तकातील गोष्टींबरोबर गावातील गोष्टीही वर्गात याव्यात. मुलांनी आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारावे. घरात काय शिजत असे, पाणी कोठून आणीत, खडी फोडण्याच्या कामावर कोण जात असे, मिलो आणि सुकडी यांची चव कशी होती, हे ऐकून यावे आणि वर्गात सांगावे. आपल्याच घरातील माणसे संकटातून वाट काढून आली आहेत, ही जाणीव मुलास बळ देते.

हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार व समाधानी निघाली. त्यांच्यापैकी अनेकांना निदान एका वडीलधाऱ्या माणसाचा स्थिर जिव्हाळा लाभला होता आणि काही वेळा तो माणूस शिक्षक होता. गोष्ट सांगणाऱ्याचे महत्त्व गोष्टीइतकेच आहे, ते यामुळेच.

तथापि मर्यादाही ओळखाव्यात. एखाद्या मुलावर घरचे दुःख वर्गात सांगण्याची सक्ती करू नये. ‘जे झाले ते बऱ्यासाठीच’ असे बोलू नये. गोष्टीने पोट भरत नाही की पाऊस पडत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी हंगामी वसतिगृहाची सोय वेळेवर पाहणे हे शिक्षकांचे कर्तव्य राहतेच. पण ते मूल गाव सोडून जाईल, तेव्हा त्याच्याबरोबर एक सवय जावी. अडचणीपाशी थांबावे, आणि ‘आता काय करता येईल?’ असे स्वतःला विचारावे. आठवड्यातून एक गोष्ट या रीतीने सांगितली, तरी ही सवय रुजू लागेल.