भाडं कमी करून द्या, बाकीचं आम्ही बघतो

चाकण असो, वाळूज असो की बुटीबोरी, लॉजिस्टिक सल्लागाराला बोलावलं की पहिल्या बैठकीत कुणीतरी हे वाक्य टाकतंच. त्यामागचा समज सरळ आहे: लॉजिस्टिक म्हणजे ट्रक, ट्रकचा खर्च म्हणजे भाडं, आणि सल्लागार म्हणजे वाहतूकदाराशी आपल्यापेक्षा जरा जोरात घासाघीस करणारा माणूस. भाड्याचं बिल येतं, ते पास करायला सही लागते, म्हणून तो खर्च डोळ्यांत भरतो. बाकीचे खर्च बिल घेऊन दारात येत नाहीत, म्हणून ते नाहीतच असं धरलं जातं.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे फक्त समजुतीसाठी घेतले आहेत. एका ट्रकचा हप्ता, विमा, परमिट, चालकाचा पगार असा महिन्याचा ठरलेला खर्च समजा ९०,००० रुपये. गाडी हलो न हलो, तो लागतोच. महिन्यात ९ खेपा झाल्या तर खेपेमागे १०,००० बसतात. भरायला एक दिवस, उतरवायला एक दिवस असं करत खेपा ६ वर आल्या की १५,०००. डिझेल आणि टोल वेगळेच. म्हणजे ज्या कंपनीच्या गेटवर गाडी दोन-दोन पाळ्या ताटकळते, ती कंपनी हे जादा ५,००० रुपये भाड्यातून भरतच असते, फक्त ते ‘हॉल्टिंग’ म्हणून वेगळे लिहिलेले नसतात. वाहतूकदाराला गिऱ्हाईकं पाठ असतात. कुठे गाडी तासाभरात मोकळी होते आणि कुठे ड्रायव्हरला केबिनमागे स्टोव्ह पेटवावा लागतो हे त्याला बरोबर ठाऊक असतं, आणि दर तो त्यावरूनच सांगतो. त्याच्याशी दोन टक्क्यांसाठी हुज्जत घालून फार काही हाती लागत नाही.

म्हणून जाणता सल्लागार दरपत्रक बाजूला ठेवून आधी सिक्युरिटीच्या केबिनमधलं आवक-जावक रजिस्टर मागतो. रजिस्टर मळकं असतं, वेळा अंदाजाने टाकलेल्या असतात, तरीही त्यातून पुष्कळ काही निघतं. अमेरिकन अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक साधं सूत्र सिद्ध केलं होतं: आवारात सरासरी किती गाड्या असतात हा आकडा म्हणजे ताशी किती गाड्या निघतात गुणिले प्रत्येक गाडी आत किती तास असते. आत २४ गाड्या आणि ताशी ६ निघत असतील तर प्रत्येक गाडी सरासरी चार तास अडकलेली आहे. यासाठी सेन्सर लागत नाही, ॲप लागत नाही.

पुढचं काम त्या चार तासांचे तुकडे पाडण्याचं. रिकाम्या गाडीचा वजनकाटा, माल शोधणं, भरणं, पुन्हा काटा, चलन, बिल, ई-वे बिल, एलआर म्हणजे लॉरी रिसीट, गेटपास. बहुतेक ठिकाणी असं दिसतं की प्रत्यक्ष भरायला पाऊण तास लागतो आणि बाकीचा वेळ कागदाची वाट बघण्यात जातो. कागद का अडतो? तर गिऱ्हाईकाची उधारीची मर्यादा संपलेली असते आणि ती मोकळी करणारे अकाउंट्सचे साहेब मेल बघतात संध्याकाळी पाचला. डिस्पॅचवाला शिव्या ट्रान्सपोर्टरला घालतो, ट्रान्सपोर्टर ड्रायव्हरला.

महिनाअखेरीची गर्दी हा याच दुखण्याचा थोरला भाऊ. विक्री विभागाचं टार्गेट महिन्याचं, त्यामुळे पहिले तीन आठवडे गोदाम शांत आणि शेवटचे पाच दिवस रात्रपाळी. सगळ्याच कंपन्यांना त्याच पाच दिवसांत गाड्या हव्या असतात, म्हणून बाजारात दर चढतात. वाहतूक विभागाने इथे काय करायचं? दोष त्याच्या खात्यात नाहीच. टार्गेट आठवड्याचं करा, निदान डीलरला दिली जाणारी सूट महिनाअखेरीला बांधू नका, असं सांगायला विक्रीच्या साहेबांच्या केबिनमध्ये जावं लागतं. आतल्या माणसाला ते जमत नाही. बाहेरचा माणूस बोलावण्याचं हे एक खरंखुरं कारण आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठं.

भाड्याच्या दरात आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे व्याज. वाहतूकदार डिझेलचे पैसे लगेच मोजतो, टोल फास्टॅगमधून तिथल्या तिथे कापला जातो, ड्रायव्हरचा भत्ता रोख. कंपनी मात्र पैसे देते साठ किंवा नव्वद दिवसांनी, तेही पोच परत आल्यावर. मधल्या काळाचं व्याज तो दरात धरतो, आणि त्याला मिळणारं कर्ज कंपनीच्या कर्जापेक्षा महाग असतं. स्वस्त पैसा असलेल्याने महाग पैसा असलेल्याकडून उधारी घ्यायची, असा हा उलटा व्यवहार. शिवाय २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सेवा देणारेही यात येतात. आता आयकर कायद्यानेही असे मुदतीबाहेर थकलेले पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून वजा करता येत नाहीत. तेव्हा पैसे लवकर देऊन दर खाली आणणं ही पुष्कळदा सर्वांत सोपी सुधारणा ठरते, आणि तीच सर्वांत शेवटी सुचते.

देशाचे चौदा टक्के

सल्लागारांच्या सादरीकरणात एक स्लाइड वर्षानुवर्षं फिरते आहे: भारताचा लॉजिस्टिक खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के, प्रगत देशांचा ८, म्हणून आम्हाला काम द्या. हा आकडा इतक्यांनी इतक्या वेळा सांगितला की तो खरा वाटू लागला. केंद्राच्या उद्योग विभागासाठी एनसीएईआर या संस्थेने हिशेब केला तेव्हा २०२१-२२ साठी अंदाज निघाला ७.८ ते ८.९ टक्के, आणि पुढच्या अहवालात २०२३-२४ साठी ७.९७ टक्के. म्हणजे आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं नाही. त्याच अभ्यासातून लहान उद्योगांवर हा बोजा मोठ्यांपेक्षा बराच जास्त पडतो हेही दिसतं. पण देशाची सरासरी तुमच्या कंपनीबद्दल काहीच सांगत नाही. सिमेंटच्या गोणीवर वाहतुकीचा वाटा केवढा आणि औषधाच्या खोक्यावर केवढा! जो माणूस पहिल्याच स्लाइडवर चौदा टक्के दाखवतो, त्याने आकडा कुठून घेतला एवढं विचारून पाहावं.

गोदामं जास्त, सेवा चांगली

हा समज एका जुन्या कराच्या पोटी जन्मला. जीएसटीपूर्वी परराज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा, शेवटी शेवटी २ टक्के. स्वतःच्याच डेपोत माल हलवला तर तो लागत नसे. म्हणून कंपन्यांनी राज्याराज्यांत डेपो उघडले. जागा निवडली ती करसल्लागाराने, रस्त्यांचा नकाशा कुणी पाहिला नाही. भिवंडीच्या वाढीतही मुंबईच्या जकातीचा हात होता: नाक्याच्या अलीकडे माल ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर हा विक्रीकर गेला, मुंबईची जकातही गेली. डेपो मात्र कित्येक कंपन्यांनी सवयीने चालू ठेवले.

इथे गणित कामाला येतं. चार डेपोंत प्रत्येकी १०० खोकी ‘अडीअडचणीला’ म्हणून ठेवली असतील, चारही भागांतली मागणी सारख्या आकाराची पण एकमेकींवर अवलंबून नसेल, तर तेवढ्याच भरवशासाठी एकाच ठिकाणी ४०० लागत नाहीत, २०० पुरतात. एकीकडे मागणी चढली तेव्हा दुसरीकडे ती पडलेलीही असू शकते, चारही ठिकाणी एकदम चढणं विरळाच. अर्थात गिऱ्हाईक लांब पडतं आणि शेवटच्या टप्प्याचं भाडं वाढतं, म्हणून सगळं एकाच ठिकाणी आणा असा सल्लाही तितकाच आंधळा.

साठ्याचा खर्च भाड्याशेजारी मांडला की डोळे उघडतात. वर्षाचं भाडं २ कोटी असेल तर तीन टक्के कपात म्हणजे ६ लाख, त्यासाठी महिनाभर वाहतूकदारांशी भांडण. गोदामांत पडून असलेला माल ४ कोटींचा असेल आणि त्यातला चौथा हिस्सा कमी झाला, तर कॅश क्रेडिटच्या ११ टक्क्यांनी दरसाल ११ लाख वाचतात. शिवाय १ कोटी मोकळे झाले ते वेगळंच.

सॉफ्टवेअर बसवलं की झालं

१९९९ च्या उन्हाळ्यात हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने सुमारे ११.२ कोटी डॉलरची नवी संगणकप्रणाली सुरू केली. काम चार वर्षांचं होतं, ते अडीच वर्षांत उरकलं, आणि मुहूर्त धरला हॅलोविनच्या तोंडावरचा, म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या आधी मिठाईवाल्याने भट्टी बदलावी तसा. माल गोदामात होता, पण दुकानात पोचेना. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी अडकल्या, त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. मागाहून जी कारणं पुढे आली त्यांतलं एक कुठल्याही कारखान्यातल्या माणसाला ओळखीचं वाटेल. सीझनला जागा पुरेना की कामगार माल इकडे-तिकडे, रिकाम्या खोल्यांत, तात्पुरत्या भाड्याच्या जागांत ठेवायचे. तो कुठे आहे हे माणसांना माहीत होतं. नव्या प्रणालीत त्या जागांची नोंदच नव्हती, म्हणून तिच्या लेखी माल नव्हता.

आपल्याकडेही ईआरपी घेतली जाते आणि शेजारी एक्सेलची शीट चालू राहते, कारण खरा साठा त्या शीटमध्ये असतो. आधी जागांना नंबर द्या, मोजणी करा, कुणाच्या डोक्यात काय आहे ते कागदावर आणा, मग सॉफ्टवेअर. हा क्रम सांगितला की विक्रेते नाराज होतात.

डबेवाल्यांचा सिक्स सिग्मा

मराठी माणसाला हा परिच्छेद आवडणार नाही. ‘फोर्ब्ज’ने मुंबईच्या डबेवाल्यांना सिक्स सिग्मा मानांकन दिलं, असं आपण शाळेपासून ऐकतो. फोर्ब्जने १९९८ मध्ये लेख छापला हे खरं; मानांकन दिलं नाही, आणि मानांकनं देणं हा त्या मासिकाचा धंदाही नव्हे. सिक्स सिग्मा ही मोटोरोलात १९८६ च्या सुमारास उभी राहिलेली चुका मोजण्याची आणि कमी करण्याची पद्धत. दहा लाख संधींमागे ३.४ चुका, हे तिचं माप.

डबेवाल्यांकडून शिकायचं ते वेगळंच आहे. झाकणावरच्या खुणेत पूर्ण पत्ता नसतो. कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, तिथे कुणी न्यायचा, कुठली इमारत, कुठला मजला, आणि परत कुठल्या स्टेशनला, एवढंच. घराचा पत्ता लिहिलेला नसतो, कारण डबा उचलणाऱ्याला तो पाठ असतो. ज्या टप्प्यावर जी माहिती लागते तेवढीच. डबा ठरावीक आकाराचा, लोकलची वेळ ठरलेली, आणि डबा रोज उशिरा देणारं गिऱ्हाईक सोडून द्यायची तयारी. किती कंपन्या उशिरा ऑर्डर बदलणाऱ्या बड्या गिऱ्हाईकाला असं सांगू शकतील? मर्यादाही याच ठरलेपणातून येतात: मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि डबेही थांबले.

तशीच गत ‘जस्ट इन टाइम’ची, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल आणण्याच्या पद्धतीची. त्याचा अर्थ साठा शून्य असा लावला जातो, आणि बहुतेक वेळा आपलं गोदाम रिकामं करून ओझं पुरवठादाराच्या गळ्यात मारलं जातं. ज्या टोयोटाचं नाव घेऊन हे चालतं, तिने जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर पुरवठा अडण्याचा धोका असलेले सुटे भाग वेचून काढले आणि चिपसारख्या भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला. २०२१ च्या चिपटंचाईत सुरुवातीला ती तग धरून राहिली ती त्यामुळे. सप्टेंबरात तिलाही उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करावं लागलं.

हे मोठ्यांचं काम

नाही. केंद्राची एमएसएमई लीन योजना मार्च २०२३ मध्ये नव्या रूपात आली. तिच्यात सल्लागाराच्या फीसह अंमलबजावणीच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं, उद्यम नोंदणी असली की झालं. भोसरीतल्या तीस माणसांच्या शॉपलाही हे परवडतं.

खरी अडचण फीच्या रकमेपेक्षा ती ठरवण्याच्या पद्धतीत असते. ‘जेवढी बचत, तिच्या अमुक टक्के’ हा करार ऐकायला न्याय्य वाटतो. पण डिझेल उतरलं तरी बचत दिसते, माल कमी गेला तरी दिसते. स्वस्त वाहतूकदार आणला आणि फूटतूट वाढली तर फुटलेल्या मालाचा खर्च क्वालिटीच्या खात्यावर पडतो, बचत लॉजिस्टिकच्या खात्यावर राहते, आणि तोवर सल्लागाराचा चेक निघालेला असतो. म्हणून करारात बचत दर टन-किलोमीटरने मोजायची, डिझेलचा आधारदर लिहून ठेवायचा, फूटतूट, वाराई आणि परत आलेला माल त्याच हिशेबात धरायचा, आणि फीचा शेवटचा हप्ता काम संपल्यावर सहा महिन्यांनी, तेव्हाचे आकडे पाहून द्यायचा. चांगले सल्लागार या अटींवर तयार होतात.