चहाचं बिल सरकारी, मग सदऱ्याचं का नाही?

संशोधनाची तयारी करताना "असावं की नसावं" छापाचे प्रश्न आपल्याला फार भुरळ घालतात. असा प्रश्न जसाच्या तसा सोडवता येत नाही. आधी तो फोडावा लागतो. तो कसा फोडायचा, हे आज प्रयोगशाळेतल्या नव्हे, पारावरच्या एका प्रश्नावरून पाहू: पुढाऱ्याचे कपडे आणि त्याच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा पाहुणचार यांचा खर्च जनतेच्या पैशातून व्हावा का?

सातारा-सांगलीकडे हा प्रश्न विचारलात तर साधारण दोन उत्तरं मिळतात. एक: "आमच्या करावर यांची चैन कशाला?" दुसरं: "अहो, सकाळपासून दारात माणसं असतात. जत-आटपाडीहून, माण-खटावहून आलेल्याला घोटभर चहा नको का द्यायला?" दोन्ही पटतात. कारण पहिला माणूस एका खर्चाबद्दल बोलतोय आणि दुसरा दुसऱ्याच.

पायरी १ : खर्च वेगळे करा

कपडे आणि पाहुणचार एकाच वाक्यात आले, म्हणून ते एकाच जातीचे होत नाहीत. दोघांना एकच कसोटी लावून बघा: हे पद नसतं, तर हा खर्च झाला असता का?

आधी कपडे. माणूस आमदार नसला तरी सदरा घालणारच. त्यामुळे हा खर्च पदामुळे आलेला नाही. गणवेशाची गोष्ट वेगळी. पोलीस, रेल्वेचे ट्रॅकमन अशा ठराविक केंद्रीय कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगानंतर सुरुवातीला वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये पोशाख भत्ता ठरला, कारण तो पोशाख नियमाने सक्तीचा आहे. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा ही पुढाऱ्यांची पद्धत आहे. तसा नियम कुठेही नाही.

यावर लगेच कोणी म्हणेल, "पण पदामुळे चांगलं राहावं लागतंच की!" हा मुद्दा इंग्लंडमध्ये सर्वोच्च पातळीपर्यंत लढवला गेलाय. ॲन मॅलॅल्यू या बॅरिस्टर बाईंचं म्हणणं होतं की कोर्टासाठी लागणारे काळे कपडे हा धंद्याचा खर्च धरावा आणि करातून सूट मिळावी. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने नकार दिला. कारण साधं होतं: त्याच कपड्यांनी ऊबही मिळते आणि अंगही झाकलं जातं. म्हणजे हेतू दुहेरी झाला. खटला कराचा होता, पण कसोटी आपल्या कामाची आहे.

आपल्याकडेही याबाबत गोंधळ नाही. पंतप्रधानांच्या कपड्यांवर किती खर्च होतो, अशी विचारणा माहिती अधिकारात झाली तेव्हा, २०१८ मध्ये, पंतप्रधान कार्यालयाने कळवलं की वैयक्तिक पोशाखाचा खर्च सरकारी खात्यातून होत नाही.

आता पाहुणचार. पद गेलं की दारातली गर्दीही ओसरते, हे आपण दर निवडणुकीनंतर पाहतो. म्हणजे हा खर्च पदामुळेच होतो. कायद्यानेही तो मान्य केलाय. केंद्रीय मंत्र्यांच्या वेतनाचा १९५२ चा कायदा आहे, त्यात आतिथ्य भत्ता आहे: पंतप्रधानांना महिना ३,००० रुपये, कॅबिनेट मंत्र्यांना २,०००, राज्यमंत्र्यांना १,००० आणि उपमंत्र्यांना ६००. आजच्या भावात ही रक्कम किरकोळ वाटेल, पण तत्त्व स्पष्ट आहे.

पायरी २ : आकड्याच्या पोटात काय आहे ते बघा

मार्च २०१८ मध्ये मुंबई काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष संजय निरुपम यांनी माहिती अधिकारातले आकडे मांडले. मुख्यमंत्री कार्यालयाचा चहापानाचा खर्च २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ लाख होता, तो २०१७-१८ मध्ये सुमारे ३ कोटी ३४ लाखांवर गेला. त्यावरून दिवसाला साडेअठरा हजार कप चहा होतो, असं गणित गाजलं. कार्यालयाचं उत्तर आलं की यात नुसता चहा नाही. नाश्ता, जेवण, पुष्पगुच्छ, भेटवस्तू असं बरंच काही त्यात येतं, शिवाय भेटायला येणारी माणसंही वाढलीत.

आपण स्वतः करून बघू. ३ कोटी ३४ लाख भागिले ३६५ म्हणजे दिवसाला साधारण ९१,५०० रुपये. पाच रुपयांचा कप धरला की अठरा हजारांच्या वर कप होतात. भागाकार बरोबर आहे. पण सगळी रक्कम चहाचीच आहे हे गृहीतक त्यात गुपचूप शिरलंय. "चहापान" हे लेखाशीर्षाचं नाव आहे, वस्तूचं नाही. शोधनिबंध वाचताना तक्त्यातल्या स्तंभाचं नाव वाचून थांबू नका, त्या नावाखाली नेमकं काय मोजलंय ते शोधा, असं आम्हाला का सांगतात ते इथे कळतं.

मात्र कार्यालयाच्या उत्तरानेही प्रश्न मिटत नाही. पुष्पगुच्छ किती, जेवणं किती, हे सुटं केल्याशिवाय वाढ रास्त होती की उधळपट्टी, हे कुणालाच ठरवता येणार नाही. टीका करणाऱ्यालाही नाही आणि बचाव करणाऱ्यालाही नाही.

दुसरं उदाहरण फेब्रुवारी २०२३ चं. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी चहापान ठेवायचं आणि विरोधकांनी त्यावर बहिष्कार टाकायचा, हे महाराष्ट्रात आता जवळजवळ ठरलेलंच आहे. त्या वेळी विरोधी पक्षनेते असलेल्या अजित पवारांनी विचारलं की 'वर्षा' बंगल्याचं खानपानाचं बिल चार महिन्यांत २ कोटी ३८ लाख कसं झालं? चहात सोन्याचं पाणी घातलं होतं का, हा त्यांचा टोला सगळीकडे पोचला. मुख्यमंत्री होते एकनाथ शिंदे, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या दरे गावचे. राज्यभरातून लोक येतात, त्यांना चहापाणी द्यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथेही भागाकार करा. दिवसाला जवळपास दोन लाख रुपये. रोज ५०० माणसं येत असतील तर माणशी सुमारे ४०० रुपये पडतात. ५,००० येत असतील तर माणशी ४०. पहिला आकडा पाहून भुवया उंचावतील, दुसरा टपरीवरच्या चहा-नाश्त्याचा आहे. रक्कम तीच, बदलला तो फक्त छेद. आणि नेमका छेदच या सगळ्या वादात कुठे नव्हता.

पायरी ३ : सरकारने दिला नाही, तर कोण देतं?

"मग सगळाच खर्च बंद करा" हे उत्तर टाळ्या मिळवतं. आपल्या भागात तर जास्तच, कारण साधेपणाचा वारसा इथला आहे. १९४३ ते ४६ या काळात सातारच्या प्रतिसरकारने कमी खर्चात लग्नं लावून दिली, आणि त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही येत होता. पण साधेपणा हा माणसाचा गुण आहे. त्यावर नियम उभा करता येत नाही. प्रत्येक पुढारी साधाच निघेल असं धरून व्यवस्था चालवता येत नाही.

सरकारने चहा दिला नाही म्हणून माणसं यायची थांबत नाहीत. मग ज्याच्या मागे कारखाना, संस्था किंवा ठेकेदार आहे, त्याच्या दारात चहा मिळत राहतो. तासगावच्या अंजनीसारख्या गावातून, सामान्य शेतकरी कुटुंबातून आर. आर. पाटलांसारखा माणूस पुढे येतो, त्याच्यासारख्याने काय करायचं? स्वतःच्या खिशातून घालायचं की कुणाचे तरी उपकार घ्यायचे? उपकाराची परतफेड पुढे टेंडरमध्ये होऊ शकते, आणि तिचं बिल कुठल्याच लेखाशीर्षात दिसत नाही.

ही भीती कपड्यांच्या बाबतीतही खरी आहे. २०२४ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कीअर स्टार्मर यांच्यावर टीका झाली ती सरकारी पैशाने कपडे घेतले म्हणून नव्हे, तर एका श्रीमंत देणगीदाराकडून घेतले म्हणून. यापुढे असे कपडे घेणार नाही, असं त्यांना जाहीर करावं लागलं.

मग माझं उत्तर

कपडे: नाही, आणि देणगीदाराकडूनही नाही. लोकप्रतिनिधींना त्यासाठीच पगार आहे. पाहुणचार: हो, पण तीन अटींवर. ठोक भत्ता नको, बिलावर पैसे द्यावेत. चहा-नाश्ता, जेवण, हार-गुच्छ आणि भेटवस्तू यांच्या नोंदी वेगळ्या असाव्यात. आणि येणाऱ्यांची संख्या सोबत जाहीर व्हावी. दर ठरवणारे हात मात्र दुसरे हवेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९५ नुसार आमदारांचे पगार-भत्ते विधिमंडळ स्वतःच कायद्याने ठरवतं, म्हणजे घेणारा आणि ठरवणारा एकच. ब्रिटनमध्ये २००९ च्या खर्च घोटाळ्यानंतर हे काम स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेलं, आणि खासदारांनी मागितलेला खर्च तिथे सगळ्यांना पाहता येतो.

तुमच्यासाठी काम

तुमच्या जिल्हा परिषदेचा किंवा महापालिकेचा पाहुणचाराचा खर्च माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "इतका खर्च का झाला?" असं विचारू नका. कायद्याने दप्तरात असलेली माहिती मिळते, स्पष्टीकरण नाही. त्याऐवजी लेखाशीर्ष, महिनावार रक्कम, बिलांच्या प्रती आणि अभ्यागत नोंदवही यांची मागणी करा. नोंदवही ठेवलेलीच नाही असं उत्तर आलं तरी निराश होऊ नका. छेद कोणी मोजतच नाही, हे तुम्हाला लेखी मिळालेलं असेल.