भट्टी गॅसची की विजेची? एका बड्या केमिकल कंपनीचा कार्बनचा हिशेब

खेड-चिपळूणकडे एखाद्या घरात विचारा, मुलगा काय करतो? 'केमिकलमध्ये आहे' हे उत्तर पुष्कळदा येतं. दुसरा मुलगा असेल तर तो सौदीत, जुबैल नाहीतर यनबूच्या प्लांटवर. भिवंडी-मालेगावात मागावर चढणारं पॉलिएस्टर सूतसुद्धा शेवटी तेलापासून बनलेल्या रसायनांतूनच येतं. म्हणून केमिकल कंपन्या हवामान बदलाचं नेमकं काय करतात, हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडच्या घरांत पाणी शिरलं, ते अजून कोणी विसरलेलं नाही. एकाच पुराचं सगळं खापर हवामान बदलावर फोडणं बरोबर नाही. पण हवा तापली की ती जास्त बाष्प धरून ठेवते आणि मग कोसळते तेव्हा एकदम कोसळते, एवढं शास्त्र आता पक्कं आहे.

कंपन्यांचे अहवाल उघडले की पहिल्या पानावर हिरवं पान, पवनचक्की आणि 'नेट झिरो' हे दोन शब्द दिसतात. त्यामागे काय आहे ते कळावं म्हणून आम्ही एकच कंपनी निवडली आहे, जर्मनीची बीएएसएफ. जगातल्या सर्वांत मोठ्या रसायन कंपन्यांपैकी ही एक. तिचे आकडे वर्षानुवर्षं छापून येतात, त्यामुळे बोललेलं आणि केलेलं ताडून बघता येतं.

कंपनी १८६५ ची. सुरुवात कापड रंगवायच्या रंगांपासून झाली. १८९७ मध्ये तिने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या बिहार-बंगालच्या निळीच्या शेतीला त्याचा जबर फटका बसला. १९१३ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा जगातला पहिला मोठा कारखाना याच कंपनीने लुडविगशाफेनजवळ ओप्पाऊला उभा केला. आज अलिबागजवळ थळला जो युरिया बनतो, त्याची मूळ रीत तीच. ऱ्हाईन नदीकाठचं लुडविगशाफेन हे कंपनीचं मुख्य ठाणं. सुमारे १० चौरस किलोमीटर जागा, २०० च्या आसपास प्लांट आणि त्यांना जोडणाऱ्या २,८०० किलोमीटरहून जास्त नळ्या. एका प्लांटची वाफ दुसऱ्याला, एकाचा टाकाऊ वायू तिसऱ्याला कच्चा माल. या जोडणीमुळे इंधन बरंच वाचतं. मात्र एक धागा ओढला की सगळं हलतं, म्हणून बदल करणंही तितकंच अवघड.

रसायन कारखान्यातून कार्बन डायऑक्साइड दोन वाटांनी निघतो. पहिली वाट सगळ्यांना ठाऊक आहे : बॉयलर आणि भट्टी पेटवायला गॅस किंवा कोळसा जाळला, त्याचा धूर. दुसरी वाट धुराड्याकडे बघून कळत नाही. अमोनियाला हायड्रोजन लागतो. तो नैसर्गिक वायू आणि वाफ यांच्या प्रक्रियेतून काढतात, आणि वायूमधला कार्बन मागे उरतो तो कार्बन डायऑक्साइड बनून. एक टन अमोनियामागे साधारण सव्वा टनाच्या आसपास. तुम्ही भट्टी कितीही चांगली करा, हा भाग कमी होत नाही, कारण तो जळणातला नाही, कच्च्या मालातला आहे. युरिया बनवताना त्यातला बराचसा परत वापरला जातो खरा, पण खत शेतात पडलं की तो पुन्हा हवेत. याशिवाय नायट्रिक आम्लाच्या प्लांटमधून नायट्रस ऑक्साइड निघतो. वजनाला वजन धरलं तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट ताप देतो. चांगली बातमी अशी की तो उत्प्रेरकाने तोडता येतो आणि ते फार महागही नाही. बीएएसएफने १९९० च्या तुलनेत आपलं उत्सर्जन निम्म्यावर आणलं म्हणतात, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे. सोपं काम आधी झालं. आता उरलंय ते अवघड.

मार्च २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं : २०१८ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन २५ टक्के कमी, आणि २०५० पर्यंत नेट झिरो. २०१८ चा आकडा होता २.१९ कोटी टन. म्हणजे २०३० ला तो १.६४ कोटी टनांवर यायला हवा. २०२३ मध्ये तो १.६९ कोटी टनांवर आलासुद्धा. मुदतीच्या सात वर्षं आधीच मंजिल जवळ. वाचून कोणीही म्हणेल, वाहवा!

पण इथे जरा थांबायला हवं.

२०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाचा पाइपलाइनचा गॅस आटला आणि युरोपात गॅसचे भाव आभाळाला भिडले. गॅसवर जगणारा कारखाना त्यात होरपळणारच. फेब्रुवारी २०२३ मध्ये बीएएसएफने लुडविगशाफेनचे काही प्लांट बंद करायचं ठरवलं. दोन अमोनिया प्लांटपैकी एक, नायलॉनसाठी लागणारं कॅप्रोलॅक्टम, फोमच्या गाद्यांसाठी लागणारं टीडीआय. तिथल्या उत्पादनातल्या ७०० च्या आसपास नोकऱ्यांवर त्याचा परिणाम झाला. त्याच वेळी कंपनीने सांगितलं की या बदलांमुळे कार्बन डायऑक्साइड वर्षाला सुमारे ९ लाख टनांनी घटेल.

आता हे ९ लाख टन कशामुळे घटले? नवीन तंत्रामुळे नाही. कुलूप लावल्यामुळे. गादीचा फोम लोक वापरायचे थांबले नाहीत, तो दुसऱ्या कोणाच्या प्लांटमधून येणार. तो प्लांट जास्त धूर सोडणारा असला तर जगाच्या हिशेबात काहीच कमावलं नाही, उलट गमावलं. आम्ही कंपनीला खोटं पाडत नाही. आकडा खरा आहे, छापलेला आहे. फक्त एकाच आकड्यात तीन गोष्टी मिसळल्या जातात : सुधारणा, मंदी आणि बंदी. २०२४ मध्ये उत्सर्जन पुन्हा किंचित वर, १.७० कोटी टनांवर गेलं.

एक नियम इथे माहीत असावा. कंपनीने एखादा प्लांट दुसऱ्याला विकला, तर आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीप्रमाणे तुलनेच्या मूळ वर्षाचा आकडाही कमी करून घ्यावा लागतो, म्हणजे विकून पुण्य मिळत नाही. पण प्लांट बंद केला किंवा उत्पादन घटवलं, तर मूळ आकडा तसाच राहतो आणि घट खात्यावर जमा होते. अहवाल वाचताना उत्सर्जनाच्या शेजारी उत्पादनाचा आकडा का ठेवायचा, ते यावरून लक्षात येईल.

मग खरी सुधारणा कुठे चालली आहे? आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली ती भट्टी.

प्लास्टिक, सूत, रंग, साबण, यांतल्या बहुतेकांची वाट 'क्रॅकर' नावाच्या यंत्रातून जाते. नाफ्था वाफेबरोबर सुमारे ८५० अंशांना तापवला की त्याचे मोठे रेणू फुटून इथिलीन, प्रोपिलीन मिळतात. ही भट्टी आजवर गॅसवरच पेटत आली. बीएएसएफ, सौदीची साबिक आणि लिंडे या तिघांनी मिळून लुडविगशाफेनला विजेवर तापणाऱ्या दोन भट्ट्या बांधल्या. एप्रिल २०२४ मध्ये त्या सुरू झाल्या. वीज पवनचक्की किंवा सौर असेल तर भट्टीचा कार्बन ९० टक्के किंवा त्याहून जास्त कमी होऊ शकतो. जर्मन सरकारने यासाठी १.४८ कोटी युरो दिले. आकार मात्र लहान : तासाला सुमारे ४ टन माल, ६ मेगावॉट वीज. पूर्ण क्रॅकर दिवसाला हजारो टन गिळतो. तेव्हा ही नमुन्याची भट्टी, धंद्याची नव्हे. इतक्या तापमानात विजेचे तापक घटक किती महिने टिकतात, हेच तिथे बघायचं आहे.

साबिकचं नाव आपल्या वाचकांना नवीन नाही. जुबैलला काम केलेला माणूस ते पेट्रोल पंपाच्या पाटीसारखं ओळखतो. २०२० पासून तिचे ७० टक्के शेअर अरामकोकडे आहेत. जुबैललाच साबिकच्या एका कंपनीत ग्लायकॉलच्या प्लांटमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून, शुद्ध करून शेजारच्या कारखान्यांना पुरवतात. क्षमता वर्षाला ५ लाख टनांपर्यंत. त्यातून युरिया आणि मिथेनॉल बनतं. काम चांगलं आहे, पण वरचीच गोष्ट इथेही लागू पडते. युरियात गेलेला कार्बन कायमचा गाडला जात नाही, फक्त एक फेरी जास्त मारतो.

परत लुडविगशाफेनला. मार्च २०२५ मध्ये तिथे पाण्यातून विजेने हायड्रोजन काढणारा ५४ मेगावॉटचा प्लांट सुरू झाला. वर्षाला ८,००० टन हायड्रोजन. ऐकायला भरपूर. पण तिथली हायड्रोजनची गरज आहे वर्षाला सुमारे अडीच लाख टन. म्हणजे शंभरातले तीन. आणि या तीनासाठीही सरकारी मदत लागली, १२ कोटी युरोंहून जास्त मंजूर झाली.

सगळं शेवटी विजेपाशी येऊन अडतं. भट्टी विजेवर, हायड्रोजन विजेवर, वाफेसाठी हीट पंप, तोही विजेवर. कंपनीच्याच अंदाजाप्रमाणे लुडविगशाफेनची विजेची गरज सुमारे तिप्पट होईल. म्हणून तिने थेट पवनचक्क्यांतच पैसा घातला. नेदरलँड्सच्या समुद्रातल्या १,५०० मेगावॉटच्या प्रकल्पात २०२१ मध्ये जवळपास निम्मा हिस्सा घेतला, मग त्यातला अर्धा विमा कंपनी अलियान्झला दिला. २०२४ मध्ये जर्मन समुद्रातल्या आणखी दोन प्रकल्पांत हिस्सा घेतला आणि साधारण वर्षभरात तो परत विकूनही टाकला. केमिकलचा बाजार मंदावला की हिरव्या योजनाही मंदावतात, ते असं दिसतं. दुसरीकडे चीनमध्ये झानजियांगला कंपनीने अब्जावधी युरोंचा नवा कारखाना उभारला, तिथली वीज सगळी अपारंपरिक स्रोतांची, अशी तिची घोषणा आहे. नवीन बांधताना विजेवर बांधणं सोपं जातं. जुनं बदलणं कठीण, हे घर दुरुस्तीला काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

अजून एक बाजू आहे, जी अहवालात मागच्या पानांवर जाते. वरचे १.७० कोटी टन हे कंपनीच्या स्वतःच्या प्लांटचे आणि विकत घेतलेल्या ऊर्जेचे. तिने जो कच्चा माल घेतला तो बनवताना झालेलं उत्सर्जन यात नाही, आणि तिचा माल वापरून शेवटी जाळला गेला तेव्हाचंही नाही. हे आकडे मोठे आहेत, कंपनीच्या आपल्या आकड्याहून कितीतरी मोठे. कच्च्या मालाबद्दल तिने डिसेंबर २०२३ मध्ये लक्ष्य ठेवलं : २०२२ च्या तुलनेत २०३० पर्यंत दर किलोमागे १५ टक्के घट. 'दर किलोमागे' हे शब्द नीट वाचा. खरेदी वाढली तर एकूण उत्सर्जन वाढूनही हे लक्ष्य पुरं होऊ शकतं.

आणि हवामान कंपनीसाठी थांबलेलं नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात पाऊस पडला नाही आणि ऑक्टोबरमध्ये काउबच्या मोजपट्टीवर ऱ्हाईनची पातळी २५ सेंटिमीटरवर आली. (पट्टीवरचा हा आकडा म्हणजे नदीची पूर्ण खोली नव्हे, पण जहाजवाले त्यावरच चालतात.) मालवाहू जहाजं भरून येईनात, काही उत्पादन थांबवावं लागलं. त्या वर्षी कंपनीला सुमारे २५ कोटी युरोंचा फटका बसला. नंतर तिने उथळ पाण्यात चालणारं १३५ मीटर लांब जहाज खास बांधून घेतलं, ते २०२३ मध्ये नदीत उतरलं. वीज भट्टी नमुन्याच्या पायरीवर आहे, जहाज मात्र पूर्ण आकाराचं तयार होऊन धावतंय. नुकसान स्वतःच्या दारात आलं की निर्णय किती लवकर होतो, ते बघा.

आपल्या मुलांच्या कामाशी याचा संबंध काय? क्रॅकर विजेवर गेला तर गॅस बर्नर आणि बॉयलरवरची कामं कमी होतील, इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनची वाढतील. आयटीआयचा फॉर्म भरताना हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. युरोपची कार्बनवरची सीमा-आकारणी जानेवारी २०२६ पासून खऱ्या अर्थाने लागू आहे. त्यात खतं आणि हायड्रोजन आहेत, बाकीची बहुतेक रसायनं सध्या नाहीत. ती आली तर निर्यात करणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांनाही हाच हिशेब मांडावा लागेल.

मुलगा जिथे काम करतो ती कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आणि पहिल्या हजारात असेल, तर तिला २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' नावाचा अहवाल द्यावाच लागतो. तो कंपनीच्या वार्षिक अहवालाला जोडलेला असतो, संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात 'तत्त्व ६' हा भाग काढा. स्कोप १ आणि स्कोप २ अशा दोन ओळी दिसतील, चालू वर्ष आणि मागचं वर्ष शेजारी शेजारी. त्याच अहवालातून उत्पादन किंवा उलाढालीचा आकडा शोधून बाजूला लिहा. उत्सर्जन घटलं आणि उत्पादनही तेवढंच घटलं असेल, तर प्लांटमध्ये काय बदललं ते मुलालाच विचारा. शिफ्टवरच्या माणसाला ते पानावरच्या आकड्यापेक्षा जास्त नीट ठाऊक असतं.