चंदीगडची वारसा-खुर्ची : अस्सल कोणती, कायदेशीर कोणती?

चंदीगड : सोन्याच्या दागिन्याची शुद्धता हॉलमार्क आणि त्यावरील सहा अक्षर-अंकी ‘एचयूआयडी’ क्रमांकावरून पडताळता येते. जुन्या बाजारात लाखोंना विकल्या जाणाऱ्या चंदीगडच्या खुर्च्यांना मात्र असा निर्णायक शिक्का नाही.

वास्तुविशारद पिएर जनरे यांच्या देखरेखीखाली १९५० व १९६०च्या दशकांत येथील शासकीय कार्यालये आणि पंजाब विद्यापीठासाठी साग व शिसमचे हे फर्निचर घडले. ते अनेक कार्यशाळांत तयार झाल्याने मूळ नमुन्यांतही मापांचा फरक आढळतो. त्यावर रचनाकाराची स्वाक्षरी नसते; असतो तो रंगाने उमटवलेला विभागाचा संकेत व क्रमांक, आणि त्याची नक्कल करणे अवघड नाही.

म्हणून जाणकार बैठकीची खालची बाजू, पायांची झीज, जुने सांधे आणि दुरुस्तीच्या खुणा तपासतात. तरीही खरा आधार कागदपत्रांचाच : संबंधित विभागाने वस्तू भंगारात काढल्याची आणि लिलावात विकल्याची नोंद.

केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्ये अशा वस्तूंच्या विक्री व निर्यातीवर निर्बंध घातले. मात्र १९७२च्या पुरावशेष कायद्याचे संरक्षण सामान्यतः शंभर वर्षे जुन्या वस्तूंनाच मिळते. हे फर्निचर त्याहून नवे आहे.

त्यामुळे खरेदीदारापुढे दोन स्वतंत्र प्रश्न उरतात : खुर्ची अस्सल आहे काय, आणि ती कार्यालयातून रीतसर बाहेर पडली काय? चोरीची खुर्चीही अस्सल असू शकते.