बावीस खेळपट्ट्यांचं एक मैदान

रविवारी सकाळी महात्मा गांधी रोडवरून आझाद मैदानात शिरलं की नवख्या माणसाला काहीच उमगत नाही. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसतात, पण कोण कोणत्या सामन्यात आहे ते कळत नाही. एका सामन्यातला थर्ड मॅन दुसऱ्या सामन्यातल्या मिडविकेटच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. एका बाजूने अपील उठतं आणि शेजारच्या सामन्यातला फलंदाज चमकून बघतो. ‘बॉल, बॉल!’ अशी हाक आली की आपला खेळ क्षणभर थांबवून परका चेंडू उचलायचा, नीट फेकून द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागी वाकून उभं राहायचं. हे कुणी शिकवत नाही. तासाभरात नवा पोरगाही शिकतो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि महापालिकेच्या इमारतींसमोरचं हे सुमारे २५ एकरांचं त्रिकोणी मैदान. त्यात बावीस खेळपट्ट्या मोजल्या जातात. इतक्या कमी जागेत इतके सामने एकाच वेळी मावायचे तर सीमारेषांनी एकमेकींत शिरायलाच हवं, आणि त्या शिरतात.

ही मोकळी जागा खेळासाठी राखलेली नव्हती. तटबंदीतल्या मुंबईवर कुणी चालून आलं तर तोफांना समोर मोकळा पट्टा हवा, म्हणून किल्ल्याबाहेरची जमीन रिकामी ठेवली गेली. तिला एस्प्लनेड म्हणत. १८६०च्या दशकात तट पाडले गेले, रस्ते आखले गेले, आणि त्या पट्ट्याचे जे तुकडे उरले तेच आजचं ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि कूपरेज. तट पडण्याच्या आधीच पारशी पोरांनी त्या जमिनीवर बॅट धरली होती. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८चा. तो टिकला नाही, पण १८५०चा यंग झोरोस्ट्रियन आजही आहे. मुंबईतल्या क्लबांचं घराणं इथून सुरू होतं.

या घराण्याची पहिली लढाई हिरवळीसाठी झाली, आणि मला ती कोणत्याही कसोटी सामन्यापेक्षा मोठी वाटते. १८७५ साली मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना उभा राहिला, तो फक्त युरोपियनांसाठी. त्यांच्या क्रिकेटची जागा राखीव होती. पोलो मात्र ते बाहेर, एतद्देशीय पोरं खेळत त्या जमिनीवर खेळत. घोड्यांच्या टापांनी गवत उखडायचं, खड्डे पडायचे आणि दुसऱ्या दिवशी चेंडू कुठूनही उसळायचा. एकीकडे मूठभर घोडेस्वार, दुसरीकडे शेकडो खेळाडू. १८८०च्या दशकात या खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. सही करणाऱ्यांत पारशी होते, हिंदू होते, मुसलमानही होते. निकाल कधी बाजूने लागला, कधी फिरवला गेला. अर्ज मात्र थांबले नाहीत. शापूरजी सोराबजी या गृहस्थांनी या झगड्याची हकिकत १८९७ साली पुस्तकरूपाने छापली. भारतात क्रिकेटवर लिहिलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक, आणि त्यात विक्रमांइतकीच कैफियत आहे.

अखेर सरकारने समुद्राकाठी, आताच्या मरीन ड्राइव्हवर, जागा दिल्या. आधी पारशी जिमखाना, मग १८९०च्या दशकात इस्लाम जिमखाना आणि हिंदू जिमखाना. एकत्र सह्या करणाऱ्यांना जागा मिळाली ती धर्मानुसार वेगवेगळी. क्लबांच्या नावांतही तेच. गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा, गुजराती युनियन अशी नावं त्या काळी सर्रास होती. माणूस ज्या आळीत राहायचा, ज्या जातीत जन्मायचा, त्याच नावाच्या तंबूत त्याचं किट असायचं.

आणि तरीही पळवणकर बाळू याच शहरात हिंदू जिमखान्याकडून खेळला. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात हिंदू संघातून खेळताना त्याला चहा वेगळ्या भांड्यात, तोही बाहेर दिला जायचा. मैदानात त्याच्या हातचा चेंडू चालायचा, मैदानाबाहेर त्याच हाताचा स्पर्श चालत नव्हता. १९०६ साली बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या विजयात बाळूच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. बॉम्बे जिमखान्यावरच डिसेंबर १९३३मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना झाला आणि लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या. आझाद मैदानातल्या तंबूतून मान वळवली की तो हिरवा चौकोन आजही दिसतो.

बाळूचा हिंदू संघ ज्यात खेळला, ती धर्मवार संघांची स्पर्धा १९४६ साली बंद पडली. नावं राहिली. पारशी जिमखान्यात आज पारशी नसलेले खेळाडू भरपूर, इस्लाम जिमखान्यातही तेच. नाव ही आता जुन्या घरावरची पाटी आहे, आत कोण राहतं ते तिच्यावरून कळत नाही.

याचं सर्वांत जिवंत उदाहरण मुस्लिम युनायटेड क्लबच्या तंबूत सापडतं. उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातून क्रिकेट खेळायला मुंबईत आलेला एक मुलगा, डोक्यावर छप्पर उरलं नाही तेव्हा, याच तंबूत माळ्यांबरोबर राहिला. सुमारे तीन वर्षं. स्वयंपाकात हात लावायचा, रामलीलेच्या दिवसांत मैदानात पाणीपुरी विकायचा. यशस्वी जयस्वाल त्याचं नाव. जुलै २०२३मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने १७१ धावा काढल्या. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण सांगताना तंबू नुसत्या गरिबीचं चित्र म्हणून येतो. मला त्यातला माळी महत्त्वाचा वाटतो. मैदानावरचा माळी म्हणजे विकेट बनवणारा, रोलर ओढणारा, पावसात ताडपत्री सांभाळणारा, किटच्या चाव्या ठेवणारा माणूस. क्लबचे अध्यक्ष बदलतात, खेळाडू नोकरीला लागून निघून जातात, माळी तिथेच असतो. कुणाला तंबूत झोपू द्यायचं, हे अनेकदा तोच ठरवतो.

क्लब म्हणजे इथे फार काही नसतं. एक तंबू, चार बाकडी, पत्र्याची पेटी, एक-दोन खेळपट्ट्या, वर्गणी आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनमधलं एक मत. या एवढ्याशा संसाराला वर्षभर ताठ उभं ठेवणारी गोष्ट म्हणजे कांगा लीग. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली ती सुरू झाली, आणि मुद्दाम पावसाळ्यात. इंग्लंडच्या ओल्या खेळपट्ट्यांवर आपल्या फलंदाजांची त्रेधा उडते, तर सराव इथेच का होऊ नये? उघड्या विकेटवर, वाढलेल्या गवतात, रविवारी एका दिवसाचा सामना. चेंडू जमिनीवरून मारला तर गवतात रुतून बसतो, उचलून मारला तर झेल. अशा दिवशी काढलेल्या तीस धावा माणसं वर्षानुवर्षं सांगतात. पाऊस आला की सगळे तंबूत. प्रतिस्पर्धी, पंच, स्कोअरर, सगळे एकाच छपराखाली चहा पितात आणि आभाळाकडे बघतात.

कांगा लीगची खरी गंमत तिच्यात खेळणाऱ्यांच्या वयात आहे. ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सात गट. पन्नाशीचा बँकेतला अधिकारी आणि शाळेतलं पोरगं एकाच संघात. सचिन तेंडुलकर १९८४ साली अकरा वर्षांचा असताना जॉन ब्राइट क्लबकडून या लीगमध्ये उतरला. पलीकडे माटुंग्याचा दादर युनियन आणि दादरचा शिवाजी पार्क जिमखाना यांचं वैर तर घराघरांत पोचलेलं. सुनील गावसकर आणि दिलीप वेंगसरकर एकीकडचे, अजित वाडेकर आणि संदीप पाटील दुसरीकडचे. कसोटीपटू झाल्यावरही ते आपापल्या क्लबसाठी चिखलात उतरत. मुंबईने १९५८-५९पासून ओळीने पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकला, त्या संघाची खडूस वृत्ती या रविवारांतून तयार झाली, असं जुने खेळाडू मानतात. मलाही ते पटतं.

शाळांच्या सामन्यांचे विक्रम बहुतेकांना ठाऊक आहेत. फेब्रुवारी १९८८मध्ये आझाद मैदानातल्या ससानियन क्लबच्या खेळपट्टीवर तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. २०१३मध्ये याच मैदानावर पृथ्वी शॉने ५४६ केल्या. मला त्या ६६४ धावांच्या वेळी पॅड बांधून बसलेला तिसरा मुलगा आठवत राहतो. दोन दिवस बसला, बॅटिंग आली नाही. तो अमोल मुझुमदार. नोव्हेंबर २०२५मध्ये भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा तो त्यांचा प्रशिक्षक होता.

मैदान एकट्या क्रिकेटचं कधीच नव्हतं. ‘आझाद’ हे नाव स्वातंत्र्यचळवळीतल्या सभांनी दिलं. आजही राज्यातल्या कानाकोपऱ्यातून आंदोलक येतात ते इथेच, एका बाजूला आखून दिलेल्या जागेत. मेट्रोच्या कामात काही भाग पत्र्यांआड गेला. क्लबांना दर वेळी सरकून बसावं लागतं. तक्रार होते, आणि ती रास्त आहे, कारण मुरवलेली विकेट हलवता येत नाही. ती घडायला वर्षं लागतात.

संध्याकाळी उजेड कमी झाला की स्टंप उपटले जातात. कार्यालयातून सुटलेली माणसं मैदानातल्या पायवाटेने स्टेशनकडे निघालेली असतात. माळी विकेटवर पाणी मारतो, भोवती दोरी बांधतो आणि रोलरला हात लावायला हाक मारतो. रोलर एकट्याने हलत नाही. किट आवरणारी दोन-तीन पोरं हातातलं टाकून येतात, त्यातलं एखादं शेजारच्या तंबूतलं असतं.