विश्लेषण : दाताची सिरॅमिक कॅप मऊ घासालाही का तुटते?

दाताला कॅप बसवायची ठरली की रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, 'ही किती मजबूत आहे?' उत्तर मेगापास्कलच्या आकड्यात किंवा वॉरंटी कार्डावरच्या वर्षांत मिळते. डाळीतला खडा दाताखाली आला आणि कॅप फुटली, तर ते समजण्यासारखे आहे. पण पाच-सहा वर्षे बिनतक्रार चाललेली कॅप एक दिवस वरणभात खाताना दुभंगते, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ काय होता, असा प्रश्न पडतो. उत्तराचा मोठा भाग कॅपच्या खाली, तिला दाताशी जोडणाऱ्या केसाएवढ्या जाडीच्या थरात आहे.

ताकदीचा आकडा नेमका काय सांगतो?

सिरॅमिकची छोटी चकती किंवा पट्टी आधारांवर ठेवून ती तुटेपर्यंत दाबली जाते. दंत-सिरॅमिकसाठीच्या 'आयएसओ ६८७२' या आंतरराष्ट्रीय मानकात ही चाचणी आहे. पारंपरिक पोर्सेलिन साधारण १०० मेगापास्कल किंवा त्याहून कमी ताणाला तुटते. लिथियम डायसिलिकेट ही काच-सिरॅमिक ३५० ते ५०० पर्यंत, तर नेहमीचा अपारदर्शक झिर्कोनिया १००० च्या आसपास टिकतो.

मात्र हा आकडा नव्या, गुळगुळीत नमुन्यावर एकदाच दिलेल्या दाबाचा असतो. तोंडात यातले काहीच नसते.

शिवाय सिरॅमिक दाबाला दणकट आणि ताणाला कमकुवत असते. घास चावताना कॅपचा वरचा भाग दाबला जातो, पण खालची, दाताकडची बाजू किंचित वाकून ताणली जाते. तिथे आधीच असलेल्या सूक्ष्म चिरेला तोंड फुटते. अमेरिकी संशोधक जे. रॉबर्ट केली यांनी १९९९ मध्ये नेमके यावर बोट ठेवले. प्रयोगशाळेत पोलादी गोळ्याने कॅप वरून चिरडली जाते आणि ती वरूनच फुटते. रुग्णांच्या तोंडात तुटलेल्या कॅपमध्ये मात्र भेगेची सुरुवात बऱ्याचदा आतल्या पृष्ठभागावर आढळते. म्हणजे चाचणीत पास होणारी कॅप वेगळ्याच परीक्षेला बसलेली असते.

'फटीग' म्हणजे काय?

तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हा धातूचा फटीग. सिरॅमिक वाकत नाही. त्यातली चीर प्रत्येक घासागणिक कणाकणाने पुढे सरकते. त्यात भर पाण्याची. काचेतले सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध चिरेच्या टोकाशी ताणलेले असतात आणि तिथे पोहोचलेला पाण्याचा रेणू ते तोडतो. तोंड तर कायमच ओले. त्यामुळे एका फटक्यात कॅप तोडायला लागणाऱ्या बलापेक्षा खूपच कमी बल, पुरेशा वेळा पडले, तरी पुरते. वरणभाताचा तो घास गुन्हेगार नसतो, तो फक्त शेवटचा असतो.

हे तपासायला प्रयोगशाळांत 'चावणारी यंत्रे' असतात. नमुना पाण्यात ठेवून सुमारे ५० न्यूटन बलाने १२ लाख वेळा दाबायचा आणि पाणी ५ ते ५५ अंश सेल्सिअसदरम्यान बदलत राहायचे, हा रूढ प्रयोग. ही तोंडातली साधारण पाच वर्षे मानली जातात. आइस्क्रीमवर लगेच चहा पिणाऱ्यांना तापमानाचे हे गणित वेगळे सांगायला नको. झोपेत दात खाणाऱ्यांचा हिशेब मात्र यात बसत नाही. त्यांचे बल नेहमीच्या चावण्याच्या कित्येक पट असू शकते आणि मध्ये घासाची गादीही नसते.

मग चिकटवण्याने काय बदलते?

फरशी बसवणाऱ्या कारागिराला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. ठोकल्यावर पोकळ वाजणारी टाइल आज ना उद्या तडकते. खाली माल भरीव असेल तर पातळ टाइलही वर्षानुवर्षे टिकते.

अमेरिकेतील डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण पोर्सेलिनची कॅप रूढ केली. (विमानोड्डाणात इतिहास घडवणारे चार्ल्स लिंडबर्ग त्यांचे नातू.) दिसायला ती सुंदर होती, पण फुटायची. त्या काळचे सिमेंट फक्त फट भरत असे, सिरॅमिकला दाताशी एकजीव करत नसे. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल, म्हणजे दाताचे वरचे टणक कवच, खरखरीत केले, तर त्यावर रेझिन घट्ट बसते हे दाखवले. कोड्याची दुसरी बाजू १९८३ मध्ये सुटली. सिमन्सन आणि कॅलामिया यांनी पोर्सेलिनची आतली बाजू हायड्रोफ्लुओरिक आम्लाने कोरली. हे आम्ल काच खाते, त्यामुळे सूक्ष्म खाचा तयार होतात. त्यावर सायलेन लावले की ते एका हाताने काच आणि दुसऱ्या हाताने रेझिन धरते. पातळ रेझिन खाचांत आणि चिरांत शिरून कडक होते. कॅपवर आलेला भार मग दातात उतरतो आणि आतली बाजू पूर्वीइतकी ताणली जात नाही.

रुग्णांमध्येही हा फरक दिसला. बोस्टनचे दंतवैद्य केनेथ मॅलॅमेंट यांनी सॉक्रान्स्की यांच्यासह 'डायकॉर' या काच-सिरॅमिकच्या कॅप १४ वर्षे तपासल्या. आम्लाने कोरून चिकटवलेल्या कॅप न कोरलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त टिकल्या. सिरॅमिक एकच होते.

खालचा पायाही महत्त्वाचा. इनॅमल त्याखालच्या डेंटिनपेक्षा सुमारे चौपट ताठ असते आणि त्यावरची पकडही अधिक भरवशाची. अर्ध्या मिलिमीटरचे व्हिनिअर इनॅमलवर उत्तम टिकते. दात जास्त घासून डेंटिन उघडे पाडले, तर तेच व्हिनिअर नरम पायावर उभे राहते. 'स्माइल मेकओव्हर'च्या जाहिरातींत हा तपशील सहसा नसतो.

झिर्कोनियाला हे लागू होते का?

अर्धेच. त्यात काच नाही, म्हणून ते आम्ल त्यावर चालत नाही. वाळूसारख्या ॲल्युमिना कणांचा मारा आणि एमडीपी हे रसायन असलेले प्रायमर लागते. पुरेशी जाडी असेल तर झिर्कोनिया साध्या सिमेंटवरही चालतो. पण 'झिर्कोनिया' हे एकच नाव अनेक पदार्थांना लावले जाते. पुढच्या दातांसाठीचा जास्त पारदर्शक प्रकार ताकदीत बराच खाली येतो. काही कॅपमध्ये झिर्कोनियावर पोर्सेलिनचा थर असतो आणि टवका उडतो तो त्या थराचा. कार्डावर फक्त 'झिर्कोनिया' लिहिले असेल, तर कोणता, हे विचारायला हवे.

गडबड कुठे होते?

बहुधा चिकटवण्याच्या त्या काही मिनिटांत. लिथियम डायसिलिकेटला आम्ल २० सेकंद पुरते, तर पारंपरिक पोर्सेलिनला साधारण मिनिटभर लागते. कॅप बसते का हे पाहताना आत लाळ लागली आणि ती नीट साफ झाली नाही, तर पकड कमी होते. हिरडीतून रक्त येत असेल तरी तेच. बसवल्यानंतर उंची कमी करायला ड्रिल फिरवले आणि पॉलिश केले नाही, तर राहिलेले ओरखडे म्हणजे नव्या चिरांची सुरुवात. यातले काहीही रुग्णाला आरशात दिसत नाही. म्हणून पदार्थ कोणता, जाडी किती, इनॅमल किती उरणार आणि कॅप रेझिनने चिकटवणार की साध्या सिमेंटने, हे दात घासण्याआधीच विचारलेले बरे. रात्री दात खाण्याची सवय असेल, तर ती सांगून नाइट गार्डबद्दलही तेव्हाच बोलावे.

कॅप अखंड निघून हातात आली, तर ती डबीत ठेवून दवाखान्यात न्यावी. शाबूत असेल, तर आतून स्वच्छ करून ती अनेकदा पुन्हा बसवता येते. घरच्या झटपट गोंदाने चिकटवली, तर ती संधी बहुधा जाते.