अणूचं हॉस्टेल

केमिस्ट्री म्हटलं की बऱ्याच जणांना आठवते ती वर्गाच्या भिंतीवरची रंगीत चौकटींची आवर्तसारणी आणि "हायड्रोजन, हेलियम, लिथियम..." हा पाढा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्याकडूनही पहिली वीस मूलद्रव्यं घोकून घेतली. पण पहिल्या ओळीत दोनच घरं, पुढच्या दोन ओळींत आठ-आठ आणि चौथीत एकदम अठरा, असं का? विचारलं तर उत्तर ठरलेलं: "हे परीक्षेला येत नाही." खरं तर सगळी गंमत तिथेच आहे.

आधी 'आवर्त' हा शब्द बघा. तबल्यात एक आवर्तन संपलं की पुन्हा सम येते. तसंच इथे. लिथियमचा अणुअंक ३. आठ पुढे मोजा, सोडियम ११. आणखी आठ, पोटॅशियम १९. तिघेही सुरीने कापता येतील इतके मऊ धातू, आणि पाण्यात टाकले की हायड्रोजन बाहेर काढणारे. ठराविक अंतराने तोच स्वभाव परत येतो!

हे रशियाच्या मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मांडलं. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. जिथे स्वभाव जुळेना तिथे त्याने चक्क रिकामी जागा सोडली आणि तिथल्या न सापडलेल्या मूलद्रव्यांना नावं दिली: एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. यातला 'एका' म्हणजे संस्कृतमधला आपला 'एक'! १८७५ मध्ये पहिलं सापडलं, गॅलियम. शोधणाऱ्याने घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हने कळवलं, ५.९ च्या आसपास हवी, परत मोजा. शुद्ध नमुना घेऊन मोजली तर ५.९ च निघाली. १८८६ मध्ये दुसरंही सापडलं, जर्मेनियम.

पण स्वभाव परत का येतो, हे मेंडेलीव्हला सांगता येत नव्हतं. कारण इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ चा. ते कारण समजायला आपलं हॉस्टेल पुरेसं आहे.

समजा, अणू म्हणजे हॉस्टेल आणि इलेक्ट्रॉन म्हणजे पोरं. प्रत्येक खोली डबल सीटर, एका खोलीत दोघेच. पहिल्या मजल्यावर एकच खोली, एस. दुसऱ्यावर एस ची एक आणि पी च्या तीन. तिसऱ्यावर डी च्या आणखी पाच. चौथ्यावर एफ च्या आणखी सात. आता गुणाकार करा. पहिला मजला २, दुसरा ८, तिसरा १८, चौथा ३२.

मग तिसरी ओळ अठराची न होता आठातच का संपते? कारण तिसऱ्या मजल्यावरच्या डी खोल्यांचं 'भाडं', म्हणजे ऊर्जा, जास्त आहे. त्यापेक्षा चौथ्या मजल्यावरची एस खोली स्वस्त पडते. म्हणून एकोणिसावा इलेक्ट्रॉन डी सोडून वर जातो आणि पोटॅशियमपासून नवी ओळ सुरू होते. एस चे २, मग मागे राहिलेल्या डी चे १०, मग पी चे ६. झाले अठरा! (क्रोमियम आणि तांबं इथेही नियम थोडा वाकवतात, पण असे नग कुठल्या हॉस्टेलमध्ये नसतात?) अर्थात अणूत खऱ्या भिंती नाहीत. इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जिथे जास्त, तो भाग म्हणजे खोली.

स्वभाव ठरतो सर्वांत वरच्या मजल्यावरून. सोडियमची मांडणी २, ८, १. वरचा एकटा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल लागतात. दुसरा काढायचा म्हणजे भरलेला मजला फोडायचा, त्याला ४५६२! नऊ पट जास्त. म्हणून सोडियम एकच इलेक्ट्रॉन देतो, आणि एकाचीच कमी असलेला क्लोरीन (२, ८, ७) तो घेतो. आपल्या मेसच्या आमटीतलं मीठ असं तयार होतं. 'संयुजा एक' ही घोकायची गोष्टच नाही, ती मांडणीतच दिसते.

इंजिनिअरिंगला याचा काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांनी सिलिकॉनची चौकट बघावी. त्याच्या वरच्या मजल्यावर चार. त्यात पाचवाला फॉस्फरस मिसळला की एक इलेक्ट्रॉन मोकळा, ते एन टाइप. तीनवाला बोरॉन मिसळला की एक जागा रिकामी, ते पी टाइप. आणि १९४७ मधला पहिला ट्रान्झिस्टर कशाचा होता? जर्मेनियमचा. म्हणजे मेंडेलीव्हने रिकाम्या ठेवलेल्या त्याच चौकटीतला!

सुट्टीत घरी गेलात की आठवी-नववी-दहावीतलं कुणीतरी भावंड हाच पाढा घोकत बसलेलं असेल. पाठांतर जमत नाही म्हणून "आपल्याला सायन्स झेपणार नाही" असं ठरवून टाकणारी हुशार मुलं खूप असतात. त्यांच्याकडून नावं म्हणून घेण्याआधी कागदावर चार मजले काढा आणि खोल्या त्यांनाच भरू द्या. अठराचा आकडा त्यांचा त्यांनाच सापडेल.